रुग्णसुरक्षा : न दिसणाऱ्या व्यवस्थेचा हिशेब

कोणत्याही धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात बाह्यरुग्णांची संख्या असते, आंतररुग्णांची असते, शस्त्रक्रियांचा तक्ता असतो आणि शेवटी लेखापरीक्षित जमा-खर्च असतो. जे अपघात घडले नाहीत त्यांचा रकाना मात्र कोठेही नसतो, कारण न घडलेली गोष्ट मोजायची कशी, हा प्रश्नच आहे. तरीही रुग्णालयाच्या खर्चाचा आणि श्रमांचा मोठा भाग या न घडणाऱ्या गोष्टींसाठीच वेचला जातो. आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांना या बाजूची कल्पना यावी, या हेतूने प्रस्तुत लेख सादर करीत आहोत.

चांगले रुग्णालय म्हणजे नामवंत डॉक्टर आणि नवी यंत्रसामग्री, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नाही. पण अपुरा आहे. रुग्ण ज्या आजारासाठी दाखल होतो त्या आजाराखेरीज, केवळ रुग्णालयात राहिल्यामुळेही त्याला इजा होऊ शकते. चुकीचे औषध, चुकीची मात्रा, जखमेत जंतुसंसर्ग, खाटेवरून पडणे, यंत्र बंद पडणे ही त्याची नेहमीची रूपे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने १९९९ साली 'टू अर इज ह्यूमन' हा अहवाल प्रसिद्ध केला. टाळता येण्याजोग्या वैद्यकीय चुकांमुळे त्या देशाच्या रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० रुग्ण मृत्यू पावत असावेत, असा अंदाज त्यात होता. आकड्यांवर पुष्कळ वाद झाला. अहवालाचे मुख्य म्हणणे मात्र आता सर्वत्र मान्य झाले आहे : बहुतेक चुका वाईट माणसांच्या हातून होत नाहीत, तर चांगली माणसे सदोष व्यवस्थेत काम करीत असतात तेव्हा होतात. म्हणून माणूस बदलून भागत नाही, व्यवस्था बदलावी लागते.

हे तत्त्व समजण्यासाठी नाशिककरांना अमेरिकेपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. २१ एप्रिल २०२१ हा दिवस या शहराच्या स्मरणात आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महापालिकेचे डॉ. झाकिर हुसेन रुग्णालय कोरोना रुग्णांसाठी राखून ठेवलेले होते. तेथील १३ किलोलिटर क्षमतेच्या द्रवरूप प्राणवायूच्या टाकीपाशी गळती सुरू झाली. आवारात पांढऱ्या धुक्याचे लोट पसरले, वाहिनीतील दाब उतरला आणि कृत्रिम श्वसनयंत्रावर व प्राणवायूवर असलेल्या रुग्णांचा पुरवठा खंडित झाला. नातेवाईकांची सिलिंडरसाठी धावाधाव झाली. गळती आटोक्यात आली, परंतु तेवढ्या अवधीत २२ रुग्णांचे प्राण गेले. शासनाने विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांची चौकशी समिती नेमली. दोष कोणाचा, हे ठरविण्याचा आम्हांस अधिकार नाही आणि या लेखाचा तो विषयही नाही. ज्या शहरात हे घडले त्याच शहरात रुग्णालय चालविणाऱ्या प्रत्येकाने त्यातून काय शिकावे, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

यासाठी थोडे अंकगणित करणे भाग आहे. द्रवरूप प्राणवायू उणे १८३ अंश सेल्सिअस इतका थंड असतो आणि एक लिटर द्रवापासून सुमारे ८६० लिटर वायू तयार होतो. म्हणजे १३ किलोलिटरची एक भरलेली टाकी सुमारे एक कोटी अकरा लाख लिटर वायू पुरविते. याउलट, रुग्णालयात सर्वत्र दिसणाऱ्या मोठ्या, म्हणजे 'जंबो', सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू मावतो. दर मिनिटास १० लिटर प्राणवायू लागणाऱ्या एका रुग्णाला तो साडेअकरा तासांहून अधिक पुरेल. ऐकताना हे भरपूर वाटते. परंतु असे शंभर रुग्ण एकाच वाहिनीवर असले, तर तोच सिलिंडर सात मिनिटांत रिकामा होतो. वीस सिलिंडरांची रांग दोन तास वीस मिनिटे टिकते. उच्च प्रवाहाचे एखादे यंत्र तर एकट्या रुग्णासाठी मिनिटाला ६० लिटर घेते. आणि प्राणवायूविना मेंदूला इजा होण्यास चार-पाच मिनिटे पुरतात. फुप्फुसे आधीच निकामी होत आलेल्या रुग्णाच्या हाती तेवढाही वेळ नसतो.

या आकड्यांतून जे निष्पन्न होते ते टाकीच्या आकाराविषयी नाही. टाकी कितीही मोठी असो, ती एकच असेल आणि तिच्या मागे दुसरे काही आपोआप सुरू होणारे नसेल, तर मोठेपणाचा उपयोग नाही. म्हणून प्राणवायूची व्यवस्था तीन पदरी असावी लागते : मुख्य टाकी, तिचा दाब उतरताच स्वतःहून चालू होणारी सिलिंडरांची राखीव रांग, आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक काही खाटांमागे जागेवरच ठेवलेला भरलेला सिलिंडर. प्रत्येक मजल्यावर दाब कमी होताच वाजणारी घंटा हवी, आणि ती परिचारिकांच्या टेबलापाशी ऐकू आली पाहिजे. तळघरातील यंत्रखोलीत वाजणाऱ्या घंटेने कोणाचे भले होत नाही. प्रत्येक विभागाची झडप वेगळी बंद करता आली पाहिजे, म्हणजे एका ठिकाणची गळती साऱ्या इमारतीला वेठीस धरणार नाही. द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला केंद्र शासनाच्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो. या संघटनेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपुरास आहे. परवाना आवश्यकच, पण तो टाकीचा असतो, रात्री अडीच वाजता टाकीपाशी कोण धावणार याचा नसतो.

आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे सिलिंडरची चावी. भरलेला सिलिंडर खाटेशेजारी आहे, परंतु तो उघडण्याचा पाना कोणाच्या तरी खिशात घरी गेला आहे, ही परिस्थिती कोणत्याही रुग्णालयात उद्भवू शकते. आमच्याकडे पाना साखळीने सिलिंडरलाच बांधलेला असतो. या साखळीला नगण्य खर्च येतो. मात्र ती जागेवर आहे ना, हे प्रत्येक पाळीत कोणीतरी पाहून सही करावी लागते. घंटा वाजल्यावर कोणी झडपेकडे जायचे, कोणी फुगा घेऊन हाताने श्वास द्यायचा आणि कोणी नातेवाईकांना बाहेर न्यायचे, याचा सरावही करावा लागतो. तो केवळ दिवसा, वरिष्ठ उपस्थित असताना करून चालत नाही.

आगीच्या बाबतीतही हेच लागू आहे. त्याच वर्षी, ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर, भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात लागलेल्या आगीत दहा अर्भके दगावली. सातांना वाचविण्यात यश आले. नाशिकच्या दुर्घटनेनंतर दोनच दिवसांनी विरार येथे, आणि नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या अहमदनगर येथे, अतिदक्षता विभागांत आगी लागून रुग्णांचे बळी गेले. अतिदक्षता विभागात वातानुकूलन अखंड चालू असते, विजेचा भार मोठा असतो आणि हवेत प्राणवायूचे प्रमाण वाढलेले असते. म्हणजे ठिणगीला हवे ते सर्व तेथे उपलब्ध असते. शिवाय तेथील रुग्णाला स्वतः उठून पळता येत नाही.

आता जरा मागे जाऊ, कारण सुरक्षेची दुसरी बाजू खरेदी विभागात आहे आणि तिचा धडा महाराष्ट्राने फार महाग किमतीत घेतला आहे. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या सर जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांची मूत्रपिंडे अकस्मात निकामी होऊ लागली. हे रुग्ण वेगवेगळ्या आजारांचे होते. त्यांच्यात समान धागा एकच होता : सर्वांना ग्लिसरॉल देण्यात आले होते. मेंदूवरील अथवा डोळ्यातील दाब उतरविण्यासाठी ते देत असत. चौदा रुग्ण मृत्यू पावले. ग्लिसरॉल म्हणून आलेल्या द्रवात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापरातील विषारी रसायन निघाले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या एकसदस्य आयोगाने चौकशी केली. पुरवठादार, रुग्णालयातील खरेदी, औषधांची तपासणी आणि अन्न व औषध प्रशासन या साऱ्यांच्या कारभारावर आयोगाने कठोर ताशेरे ओढले. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले.

हे रसायन तेव्हाही अपरिचित नव्हते. १९३७ साली अमेरिकेत त्याच्यात विरघळविलेल्या एका औषधाने शंभराहून अधिक बळी घेतले होते आणि त्यातूनच तेथील १९३८ चा औषध कायदा झाला. आणि मुंबईनंतरही ते थांबले नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरातील वीसहून अधिक बालके खोकल्याच्या औषधानंतर मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार झाले. तमिळनाडूत झालेल्या तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. अनुज्ञेय प्रमाण ०.१ टक्का आहे. ग्लिसरॉल काय किंवा खोकल्याचे औषध काय, डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि औषध देणाऱ्याने ते दिले. बाटलीत काय आहे, हे मात्र त्यांना डोळ्यांनी दिसणारे नव्हते.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर असल्यामुळे या घटनेकडे हिशेबनिसाच्या नजरेने पाहतो. हिशेबाच्या पहिल्याच धड्यात शिकवितात की रोकड सांभाळणारा आणि रोजकीर्द लिहिणारा एक नसावा. धनादेशावर दोन सह्या असाव्यात. कोषाध्यक्ष अप्रामाणिक आहे असे गृहीत धरून ही पद्धत पडलेली नाही. एका माणसाची नजर चुकली तर दुसऱ्याची सापडावी, एवढाच तिचा उद्देश. औषधाच्या बाबतीत मात्र मागणी करणारा, माल उतरवून घेणारा, नमुना तपासून घेणारा आणि वाटप करणारा हे चौघे वेगळे असले, तरी प्रत्येक जण 'आधीच्याने पाहिलेच असेल' असे समजून पुढे ढकलतो आणि चार चाळण्यांतून तोच खडा पार होतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी हीच कल्पना भोके असलेल्या चीजच्या चकत्यांवरून मांडली आहे. आपल्याला चाळण्या अधिक ओळखीच्या. एकीची भोके दुसरीच्या भोकांवर येणार नाहीत, अशा त्या बसवाव्या लागतात.

त्यासाठी व्यवहारात काय करता येते? औषध परवानाधारक पुरवठादाराकडूनच घ्यावे. प्रत्येक बॅचचा क्रमांक, मुदत आणि विश्लेषण प्रमाणपत्र नोंदल्याखेरीज माल भांडारात घेऊ नये. आणि कोणत्या रुग्णाला कोणत्या बॅचचे औषध गेले हे उलट दिशेनेही शोधता यावे. शेवटचा मुद्दा कंटाळवाणा आहे, पण जे. जे. सारखा प्रसंग उद्भवला तर तीच नोंद पुढील रुग्णाला वाचविते. येथे विश्वस्त मंडळांशी एक स्पष्ट गोष्ट बोलणे आम्हांस आवश्यक वाटते. खरेदी समितीच्या बैठकीत 'अमुक औषध तमक्याकडे आणखी स्वस्त मिळते' हा मुद्दा नेहमी निघतो, आणि तो काटकसरीच्या चांगल्या हेतूनेच निघतो. परंतु दर कमी का आहे, याचे उत्तर कागदावर मिळेपर्यंत त्या दराला बचत म्हणू नये, असे आमचे मत आहे.

दोन सह्यांचा हाच नियम खाटेपाशीही चालतो. इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम क्लोराईड यांसारख्या औषधांत मात्रेचा थोडा फरकही जिवावर बेतू शकतो. ती देण्यापूर्वी दुसऱ्या परिचारिकेने नाव, मात्रा आणि वेळ स्वतंत्रपणे पडताळावयाची असते. पोटॅशियम क्लोराईडची तीव्र कुपी साध्या सलाइनच्या कुपीसारखी दिसू शकते. म्हणून ती वॉर्डाच्या सामान्य कपाटात ठेवूच नये, ही खबरदारी कोणत्याही सूचनाफलकापेक्षा उपयोगी पडते.

शस्त्रक्रियागृहातील सुरक्षेचा इतिहास विमानांशी जोडलेला आहे. १९३५ साली अमेरिकेत बोइंगचे एक नवे लष्करी विमान चाचणीच्या उड्डाणात कोसळले. वैमानिक अत्यंत अनुभवी होता. उड्डाणापूर्वी काढावयाची एक खिट्टी काढावयाची राहून गेली होती. त्यानंतर वैमानिकांसाठी पडताळणीची यादी आली. ओझरच्या विमान कारखान्यात नोकरी केलेल्या नाशिककरांना या यादीचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. शस्त्रक्रियागृहात ती येण्यास आणखी सत्तर वर्षे लागली. जागतिक आरोग्य संघटनेसाठी हे काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले ते शल्यविशारद डॉ. अतुल गावंदे यांचे घराणे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे, हे वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. एकोणीस मुद्द्यांची ही यादी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत वापरून पाहिली गेली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले आणि मोठ्या गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर.

यादीत विशेष असे काय आहे? रुग्णाचे नाव काय, कोणती शस्त्रक्रिया, डावी बाजू की उजवी, औषधांची वावडी, प्रतिजैविक वेळेवर दिले का, रक्त तयार आहे का. शेवटी उपकरणांची, सुयांची आणि गॉजची मोजणी. नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये छापील तावांची जशी मोजदाद होते तशीच ही मोजणी. आकडा जुळेपर्यंत पुढचे काम होत नाही. खरी अडचण यादीत नसून ती मोठ्याने वाचण्यात आहे. पंचवीस वर्षे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला 'सर, बाजू कोणती?' असे विचारणे नुकत्याच रुजू झालेल्या परिचारिकेला अवघड वाटते. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारणे हा उद्धटपणा समजला जातो. म्हणून प्रश्न तिच्या मनाचा नसून यादीचा आहे, अशी व्यवस्था केली की दोघांचाही संकोच जातो. यादी न वाचता केवळ खुणा करून ठेवण्याची सवय मात्र फार लवकर लागते, आणि मग कागद परिपूर्ण आणि रुग्ण असुरक्षित, अशी स्थिती येते. गुणवत्ता मानांकनाच्या तपासणीस येणारे परीक्षकही म्हणूनच केवळ फाइल न पाहता वॉर्डात जाऊन परिचारिकांशी बोलतात.

हात धुण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. व्हिएन्नातील डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ सालीच त्याचे फळ दाखवून दिले होते, आणि समकालीनांनी त्यांना मानले नाही. आज मानतात सर्व; धुतात किती, हे दर महिन्याला पाहावे लागते.

याहून नाजूक विषय म्हणजे 'थोडक्यात टळले' अशा प्रसंगांची नोंद. चुकीची कुपी हातात घेतली, पण दुसऱ्या परिचारिकेने थांबविले, असा प्रसंग कोणत्याही रुग्णालयात घडू शकतो आणि तो रुग्णालयाची सर्वांत मौल्यवान माहिती असतो, कारण त्याची किंमत कोणा रुग्णाने चुकविलेली नसते. परंतु ज्याने सांगितले त्यालाच ज्ञापन मिळाले, तर दुसऱ्या दिवसापासून नोंदवही कोरी राहते. आमच्याकडे ही नोंद नाव न लिहिता करता येते आणि केवळ अशा नोंदीवरून कोणावरही कारवाई होत नाही. याचा अर्थ जबाबदारी नाही, असा नव्हे. मद्यपान करून कामावर येणे, नोंदी खोट्या लिहिणे, नियम हेतुपुरस्सर मोडणे यांस क्षमा नाही. कोरी नोंदवही पाहून मात्र विश्वस्तांनी आनंद मानू नये, असे आम्ही सुचवू इच्छितो.

खर्चाच्या बाजूविषयी देणगीदारांशी मोकळेपणाने बोलावयाचे आहे. नव्या यंत्रासाठी, नव्या कक्षासाठी देणगी मिळते. त्यावर आईवडिलांच्या नावाची पाटी लागते आणि ती योग्यच आहे. राखीव सिलिंडरांची रांग, दाबाची घंटा, विजेच्या जुन्या तारा बदलणे, अग्निशमन यंत्रणेचा वार्षिक देखभाल करार आणि रात्रपाळीतील एक जादा परिचारिका यांवर पाटी लावता येत नाही. हे सर्व जमा-खर्च पत्रकात 'दुरुस्ती व देखभाल' आणि 'वेतन' या दोन रूक्ष शीर्षांखाली जाते, आणि काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री तेथेच लागते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार धर्मादाय रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या असतात. त्या खाटेवरील रुग्णालाही तीच वाहिनी, तीच औषधे आणि तीच दुसरी सही मिळाली पाहिजे. म्हणून एखाद्या विशिष्ट वस्तूसाठी न देता देखभाल निधीत दिलेली देणगी आम्हांस विशेष मोलाची वाटते. असे देणगीदार थोडे असतात. त्यांनी आमच्या कार्यालयात यावे; रुग्णालयाच्या मागील बाजूस, कपडे धुण्याच्या खोलीपलीकडे, आम्ही त्यांना ती सिलिंडरांची रांग दाखवू.

शेवटी नातेवाईकांसाठी काही सूचना. दाखल होताना जुनी औषधे आणि चिठ्ठ्या पिशवीसह आणाव्यात. आयुर्वेदिक अथवा इतर औषध चालू असल्यास तेही सांगावे, कोणी रागावणार नाही. कोणत्या औषधाने पूर्वी पुरळ किंवा धाप आली होती, ते प्रत्येक नव्या डॉक्टरांना पुन्हा सांगावे. औषध देण्यापूर्वी परिचारिका रुग्णाचे नाव पुनःपुन्हा विचारते, तो विसरभोळेपणा नसून नियम आहे. आणि तिने न विचारल्यास आपण सांगावे. प्राणवायूच्या मापकाची किल्ली आणि सलाइनचा वेग स्वतः कमीजास्त करू नये. अतिदक्षता विभागाबाहेर मोबाइल चार्ज करण्यासाठी भिंतीतील जोडण्यांवर एकाहून अधिक तारा लावू नयेत. रुग्णाला भेटताना हात धुवावेत, आणि डॉक्टर किंवा परिचारिका हात न धुता आल्या असे वाटल्यास तसे विचारण्यास संकोच करू नये. आमच्या कर्मचाऱ्यांना या प्रश्नाचा राग न मानण्याची सूचना दिलेली आहे. रात्री काही अडचण आल्यास प्रत्येक मजल्यावरील फलकावर पाळी अधिकाऱ्यांचा अंतर्गत दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असतो.